चालवणाऱ्याचं वजन

हसण्यात वसीमचा आवाज सगळ्यांच्या आधी होता, हे झरीनला घरी येऊन हेल्मेट खुंटीला अडकवताना कळलं. तिथं, स्टेडियमच्या फाटकापाशी, ते कळलं नव्हतं. तिथं नुसता एक मोठा, सगळ्यांचा मिळून हशा झाला होता आणि त्यात तिचाही आवाज होता. झालं होतं ते एवढंच: रविवारची फेरी संपवून सायकलवाले चहाच्या गाड्याशी उभे होते, ढोकीला कारखान्यात रात्रपाळी करून मोटारसायकलवर घरी परतणारा वसीम बायको दिसली म्हणून थांबला होता, आणि झरीननं योगीराजला विचारलं होतं की, ही जुनी सायकल थोडक्या पैशात हलकी करता येईल का. योगीराज म्हणजे ग्रुपचा पुढारी. टाइल्सचं दुकान, कार्बनची सायकल, आणि कुठल्याही प्रश्नाला आधी गंमत, मग उत्तर. त्यानं तिची सायकल मधल्या नळीला धरून उचलली, मुद्दाम कण्हला, खाली ठेवली आणि म्हणाला, "वहिनी, फुकटातला उपाय सांगू का? सायकलीचं राहू द्या. चालवणाऱ्याचं वजन कमी करा." कुणाच्या तरी हातातला चहा हिंदकळून सांडला, इतके सगळे हसले. मग त्यानं खरं उत्तरही दिलं होतं, टायर, पुढचं चाक धरणारा चिमटा, सीट, असं नीट मन लावून. पण ते तिला नंतर आठवून आठवून गोळा करावं लागलं. आता खुंटीपाशी उभं राहून तिनं तो हशा पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकला, आणि तेव्हा तो सुटा झाला. आधी डाव्या बाजूनं एक छोटा, नाकातून निसटलेला फुस्स असा आवाज. तो ती लग्न झाल्यापासून ओळखत होती. मग बाकीचे. आणि त्याच्याही आधी, वाक्य टाकून झाल्यावर, योगीराजनं क्षणभर वसीमकडं पाहिलं होतं. नवरा काय करतो ते बघितलं होतं त्यानं. नवऱ्यानं दार उघडलं आणि मग सगळे आत आले.

तिनं हेल्मेट पुन्हा काढलं, पुन्हा अडकवलं. आतल्या खोलीत वसीम झोपायच्या तयारीत होता. सासूबाईंशी, कुलसुमबींशी, त्याचं दखनी उर्दूत काहीतरी चाललं होतं, पाणी कधी येणार, लेकीची, आरजूची, ट्यूशन किती वाजता सुटते. त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. ज्या माणसानं काही केलेलं नाही त्याचा आवाज जसा असतो तसा आवाज. झरीनच्या गालांना मघाच्या हसण्याचा ताण अजून होता. आपण का हसलो, हे तिला कळेना. कुणी अंगावर पाणी टाकलं की डोळे मिटतात, तसं ते झालं होतं. तिला विचारून झालं नव्हतं. पण झालं तर होतंच. आणि आता त्या हशातून आपला आवाज वेगळा काढून परत घेता येत नव्हता. चीड आली ती आधी स्वतःच्याच गालांची आली.

बसस्टँडजवळच्या मेडिकलात ती काउंटरला उभी राहते. तिच्या पाठीमागच्या फळीवर वजन उतरवायच्या पावडरीचे डबे रांगेनं ठेवलेले असतात. गिऱ्हाईक येतं, डबा मागतं, मग तिच्याकडं वरपासून कमरेपर्यंत बघतं. काउंटर असल्यामुळं त्याखाली दिसत नाही. एकदा ईट गावाहून आलेल्या एका बाईनं डबा हातात घेऊन सरळ विचारलं होतं, "तुमाला पडला का वो फरक?" त्या बाईचा झरीनला राग आला नव्हता. ती बाई तिला ओळखत नव्हती. ओळखणाऱ्यांनी सहा वर्षांपूर्वी काय म्हटलं होतं? आतड्यांना सूज येऊन ती सोलापूरच्या दवाखान्यात पडून होती, तिथून स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊन परत आली, आणि महिन्या-दोन महिन्यांत तिचा चेहरा ताटासारखा वाटोळा झाला, मानेमागं गादी आली, बांगड्या साबण लावून काढाव्या लागल्या. तेव्हा गल्लीतल्या बाया म्हणाल्या होत्या, मानवलं हो झरीनला. सुखात आहे. तिला रोज आरशात एक परकी बाई दिसायची आणि ती बाई तिचे दात घासायची. या गोळ्यांचं वेळापत्रक वसीमनं सांभाळलं होतं. सकाळी किती, जेवणानंतर किती, मग कमी कमी करत कसं उतरायचं, सगळं. तळहातावर गोळी ठेवून तो पाण्याचा पेला धरून उभा राहायचा. म्हणजे हे वजन कुठून आलं, हे या गावात दोन माणसांना पक्कं माहीत होतं. त्यातला एक चहाच्या गाड्याशी उभा होता, आणि तो सगळ्यांच्या आधी हसला.

सायकल त्याचीच होती, मुळात. लग्नाआधी तो पुण्यात एका कंपनीत होता तेव्हा हौसेनं घेतलेली. लोखंडी सांगाडा, पुढं जाडजूड शॉकअप, जाड दातऱ्यांचे टायर. डोंगरात जायची सायकल. ती डोंगरात कधी गेली नाही. धाराशिवला परतताना ट्रकमधून आली, न्हाणीच्या भिंतीला टेकली, आणि तिच्यावर ओले टॉवेल वाळायला लागले. गोळ्या सुटल्यावर डॉक्टर म्हणाले, आता हालचाल हवी. झरीननं एका सकाळी टॉवेल काढले, हवा भरून घेतली आणि सलवारीच्या पायांना रबर लावून स्टेडियमला गेली. पहिल्या फेरीला गुडघे कुरकुरले, दुसऱ्या फेरीला श्वास छातीत शिट्टी वाजवायला लागला, आणि तिसऱ्या फेरीला, उतार लागल्यावर, कानांत वारं शिरलं. ते वारं ओळखीचं होतं. शाळेत असताना ती खो-खो खेळायची. धाराशिवच्या पोरी खो-खोत कुणाला ऐकत नाहीत, आणि त्या पोरींत झरीन खांबावरची होती: खांबाला हात घालून अंग आडवं हवेत फेकायचं आणि पळणारीच्या टाचेला बोटं लावायची. त्या क्षणी जमिनीला आपला काहीच भाग लागलेला नसायचा. मातीत आदळल्यावर कोपर सोलायचं, पण त्याआधीचा तो अर्धा श्वास! तो बारावीनंतर कुठं गेला ते कुणी विचारलं नाही, तिनंही नाही. सायकलवर तो सापडला नव्हता, पण त्याचा वास आला होता. म्हणून ती रोज जायला लागली, म्हणून ग्रुपमध्ये गेली, म्हणून चढावर मागं पडायला लागली, म्हणून तो प्रश्न विचारला. इतकं सगळं त्या एका प्रश्नाच्या मागं उभं होतं. हलकी करता येईल का. ती सायकलीबद्दलच विचारत होती. सायकलीबद्दल विचारलं तर उत्तर सायकलीचं यावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

त्याच दुपारी तिनं न्हाणीपुढच्या फरशीवर सायकल उलटी केली. कुलसुमबी जात्याशेजारी बसून हे बघत होत्या. त्यांच्या नवऱ्याचा, मकबूलमियांचा, चिंचेचा व्यापार होता, ते जाऊन वर्षं झाली. पण पोती तोलायचा त्यांचा ताणकाटा अजून माळ्यावर होता. झरीननं मागितला तेव्हा म्हातारीनं कशाला म्हणून विचारलं नाही. काटा तुळईच्या कडीला अडकवला, आणि दोघींनी मिळून सायकल त्याला टांगली. सतरा किलोच्या पुढं काटा गेला. झरीन त्या आकड्याकडं बघत राहिली. तिला बरं वाटलं. आकडा असा बाहेर, लोखंडाला टांगलेला असला की तो नुसता आकडा असतो. मग ती कामाला लागली. आधी स्टँड. मग कॅरिअर, त्यावर बसवून ती आरजूला कधीमधी शाळेत सोडायची, तो गंजलेल्या नटांसकट करकरत निघाला. चेनकव्हर, मडगार्ड, चाकांतले लाल-पिवळे चमकदार तुकडे, सीटखालची लोखंडी स्प्रिंग. प्रत्येक नट ढिला होताना आधी हट्ट करायचा, मग एक क्षण असा यायचा की पाना गपकन पुढं जायचा, आणि तिच्या मनगटातून खांद्यापर्यंत एक गरम कळ चढायची, तिला हवी असलेली. तिच्या डोक्यात सारखं चालू होतं: हे बघ. हे बघ निघालं. कशावर तरी हात उगारल्यासारखं ती ते करत होती, आणि हाताखाली मात्र काहीच मोडत नव्हतं, उलट जागच्या जागी नीट सुटत होतं, याचाही तिला राग येत होता.

वसीम झोपून उठला, डोळे चोळत दारात आला आणि फरशीवरचा पसारा बघून म्हणाला, भंगारात घालायची ठरवली का काय. ती सुटे झालेले नट गोळा करत राहिली. त्यानं काट्यावर पुन्हा टांगलेला सांगाडा बघितला, त्याला गंमत वाटली. कारखान्यात तो वजनकाट्यावरच आहे; उसानं लादलेल्या ट्रॉल्या त्याच्या खिडकीसमोर उभ्या राहतात आणि तो टन मोजतो. आमच्या काट्यावर एवढ्यानं काटा हलायचासुद्धा नाही, असं काहीतरी तो म्हणाला. मग चहा करायला गेला. तिच्यासाठीही आणला. कप फरशीवर तिच्या गुडघ्याजवळ ठेवताना त्यानं विचारलं, "काय झालंय?" ती म्हणाली, "काही नाही." घरात दोघं दखनीच बोलतात, पण राग आला की झरीन मराठीवर येते, शाळेतल्या सरळ, धुतलेल्या मराठीवर, आणि वसीमला हे माहीत आहे. मग सांगाड्यावरची धूळ त्यानं बोटानं पुसली आणि आत गेला.

त्याच्याबद्दलची सगळ्यात वाईट गोष्ट ही की तो वाईट नव्हता. वाईट असता तर राग धरायला सोपं गेलं असतं, मुठीत काहीतरी आलं असतं. पण पुढच्या आठवड्यात तो सोलापूरला गेला आणि येताना गुळगुळीत, सडपातळ टायर घेऊन आला, सोबत पातळ ट्यूब. न सांगता, न विचारता, ग्रुपमधल्याच कुणाला फोन करून माप काढून. पिशवी तिच्या हातात देताना लाजल्यासारखा हसला. तेच हसू, नाकातूनच, पण वेगळं. झरीनला वाटलं, ही पिशवी आता ह्याच्या तोंडावर मारावी. आणि वाटलं, कसली बाई आहे मी. आणि वाटलं, हेच. हेच तर. असं काहीतरी आणून देतो आणि मग माझ्याकडं रागवायला जागाच उरत नाही, मीच कमी पडते. जुने टायर काढताना तिनं रिमवर इतका जोर लावला की अंगठ्यांची नखं काळी पडली. नवे टायर चढवून काट्याला टांगलं तेव्हा आकडा पुष्कळ खाली आला होता, आणि त्या खाली आलेल्यात वसीमचा वाटा होता, हे तिला खपेना. तिनं मग चाकाच्या आतली रबरी पट्टीसुद्धा काढून त्या जागी साधी चिकटपट्टी लावली. काही ग्रॅम असतील. ते तिचे स्वतःचे होते.

शॉकअप काढायला मात्र गोरोबाकडं जावं लागलं. गोरोबाचं दुकान मोंढ्याच्या बाजारात कोपऱ्यावर, तो पोरांच्या सायकली दुरुस्त करतो आणि दिवसभर मोबाइलवर कुस्त्या बघतो. त्यानं शॉकअप दाबून बघितला, म्हणाला, चांगला हाय की, कशाला काढता. झरीननं सांगितलं, जड आहे आणि डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग नाही, साधा चिमटा बसवा. त्यानं मान खाजवली. भंगारातल्या एका सायकलीचा चिमटा त्याच्याकडं पडलेला होता. तो बसेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. आणि खात्री नसली की तो जे करतो तेच त्यानं केलं. म्हणाला, "वसीमभाईंला इचारून घ्या एकदा." तिनं विचारलं, का? "न्हाय, म्हंजी, परत कायतरी झालं तर." झरीन त्याच्या दुकानातल्या तेलकट स्टुलावर बसली आणि म्हणाली की चिमटा बसेपर्यंत ती उठणार नाही. आवाज चढवला नाही. गोरोबानं मोबाइल उलटा ठेवला. दोनदा चुकून, एकदा नळी जास्त कापून, वर वॉशर भरून त्यानं संध्याकाळपर्यंत ते बसवलं, आणि सायकल पुढं किंचित झुकलेली, नाक खाली घातलेल्या बैलासारखी दिसायला लागली. पण घरी येताना ती अंगाखाली जी पळाली! प्रत्येक खडा हाताला कळत होता. मनगटं झिणझिणत होती. पहिल्यांदा झरीनला वाटलं की आपल्यात आणि रस्त्यात आता कुणी मध्ये नाही.

थांबायला हवं होतं, तिथं ती थांबली नाही. पायडलजवळच्या तीन दातेरी चकत्यांपैकी दोन काढल्या. घंटी काढली. पाण्याच्या बाटलीचं जाळं काढलं. सीटखालच्या पिशवीत पंक्चरचं सामान असायचं, टायर उचकटायच्या दोन प्लॅस्टिकच्या पट्ट्या, ठिगळं, सोल्यूशन, छोटा पंप. ती पिशवीच काढून टाकली. कुलसुमबी एवढंच म्हणाल्या, बेटा, आता काय राहिलं? दुकानात औषधाची चिठ्ठी वाचताना तिला अचानक तो फुस्स आवाज ऐकू यायचा आणि मग ती संध्याकाळी घरी येऊन काढण्यासारखं आणखी काही आहे का ते शोधायची. पोळी भाजताना ऐकू यायचा. एकदा वसीम टीव्हीवर काहीतरी बघून खरोखरच तसा हसला, आणि तिच्या हातातलं पातेलं ओट्यावर असं आदळलं की आरजूनं पुस्तकातून मान वर केली. त्या घरात आता तिच्या भोवतीनं वळसा घालून चालायची सगळ्यांना सवय झाली होती, वाटेत खांब असला की घालतात तसा.

थंडी पडल्यावर ग्रुपनं रामलिंगच्या घाटाची फेरी ठरवली. येडशीपर्यंत जायचं, घाट उतरायचा आणि तोच चढून परत यायचं. त्या रविवारी धुकं नव्हतं; झाडीतून माकडं रस्त्याच्या कठड्यावर येऊन बसली होती आणि उसाच्या ट्रॉल्या कण्हत वर चढत होत्या. उतरताना झरीन मागंच राहिली. चढ सुरू झाला तेव्हा मात्र तिनं मान खाली घातली आणि ती पायडलवर उभी राहिली. पहिल्या वळणाला श्वास शिट्टी वाजवायला लागला, तिनं वाजू दिली. दुसऱ्या वळणाला मांड्या पेटल्या. पण सायकल आडवी येत नव्हती. पूर्वी चढावर ती मागं ओढायची, दर वेळी कुणीतरी कॅरिअर धरून ठेवल्यासारखं वाटायचं. आता पायाखाली दाबलेलं सगळं पुढं जात होतं. तिनं पुढच्यांपैकी दोघांना गाठलं. त्यांच्याकडं बघितलं नाही. मग तिसऱ्या वळणाच्या वर योगीराजची पाठ दिसली, त्या पाठीवरचा तंग कपडा, त्यावरची घामाची ओल. तिनं कुठून तरी, पोटाच्या खालून, आतड्यांच्याही खालून, आणखी थोडं काढलं. त्या पाठीवर बोटं टेकवायचीच होती. अंतर कमी होत होतं, हे नक्की. आणि तेवढ्यात मागचं चाक मऊ झालं. आधी मऊ, मग पातळ, मग रिम डांबरावर खडखडायला लागली.

बाभळीचा काटा. बोटाएवढा, पांढरा, त्या गुळगुळीत टायरमधून सरळ आत गेलेला. जुन्या जाड टायरला त्यानं काही केलं नसतं. मघाशी मागं टाकलेले दोघं तिच्या बाजूनं वर गेले. योगीराजला आवाज ऐकू गेला असावा, तो वळून खाली आला. माणूस मदतीला पक्का. त्यानं आपली ट्यूब काढली, पण त्याचं चाक मोठं, मापच वेगळं. त्यानं विचारलं, ठिगळाचं सामान? झरीन म्हणाली, काढून टाकलं. "वजन वाचवलं व्हय?" असं म्हणून तो हसला, आणि तिनंही हसावं म्हणून थांबला.

झरीन हसली नाही. फक्त त्याच्याकडं बघत राहिली, काउंटरवरून एखाद्या चुकीच्या चिठ्ठीकडं बघावं तशी. आणि त्याचं हसू चेहऱ्यावर आधार नसल्यासारखं थोडा वेळ तसंच राहिलं, मग गळालं. त्यानं खाली बघून विनाकारण ब्रेक दाबून बघितला. म्हणाला, वसीमभाईंना फोन करतो, ढोकीहून येतील पटकन. ती नको म्हणाली. तो पुढं गेला, आणि वळणाआड गेल्यावर त्यानं फोन केलाच असणार.

चाक तसंच ढकललं तर रिम वाकेल, म्हणून तिनं सायकल उचलून खांद्यावर घेतली. मधली नळी खांद्याच्या हाडावर बसली. दोन महिन्यांपूर्वी हे जमलं नसतं. ती चालू लागली. ट्रॉलीवाले बघत होते, माकडं बघत होती. घामानं ओढणी मानेला चिकटली होती आणि तिला आतून एक विचित्र, कडक समाधान वाटत होतं, तापात दात एकमेकांवर दाबल्यासारखं.

वसीम घाट उतरत वरून आला, तिच्याजवळ गाडी वळवली आणि बाजूला लावली. डोळे रात्रपाळीचे, लाल. म्हणाला, बस मागं, सायकल धर, येडशीत पंक्चरवाला आहे. ती थांबली नाही. तो पहिल्या गिअरवर तिच्या चालीनं गाडी चालवत बाजूनं येऊ लागला. इंजिन घुरघुरत होतं. मग त्यानं विचारलं की एवढा कसला राग आहे, किती दिवस झाले, तोंडच उघडत नाहीस. तेव्हा ती थांबली.

"योगीराज म्हणाला, चालवणाऱ्याचं वजन कमी करा. तुम्ही हसलात. सगळ्यांच्या आधी."

"कधी?"

ती त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. तो खोटं बोलत नव्हता. तो मनापासून शोधत होता, खिसे चाचपावेत तसा, आणि त्याला सापडत नव्हतं. ज्याच्यासाठी तिनं नखं काळी करून घेतली, ते त्याच्याकडं नव्हतंच. तिनं सांगितलं, स्टेडियमपाशी, चहाच्या गाड्याशी. त्याला पुसट आठवलं. मस्करी असंल, म्हणाला, तूसुद्धा हसली असशील की.

"हसले," झरीन म्हणाली. "तुम्ही हसलात म्हणून हसले. मी एकटीच गप्प राहिले असते, तर तिथं कुणाच्या बाजूला उभी राहिले असते?"

त्यानं गाडी न्यूट्रलवर टाकली. पाय रस्त्याला टेकवले. मग बोलला तो मराठीतच बोलला, तिच्या रागाच्या भाषेत येऊन.

"तुला आठवत न्हाई. सोलापूरला न्यायच्या दिवशी मी तुला जिन्यावरनं उचलून आणलं. हातात काही लागंनाच. नुसते कपडे उचलल्यावानी. मी दिवसभर वजनं बघतो, पर तसं न्हाई बघितलं कधी. रिक्षात ठिवताना वाटलं, सोडलं की जातीय ही. त्याच्या मागनं तू भरत गेलीस, तसा मला झोप येत गेली. कुणी तुला जाड म्हणलं की मला हसूच येतं. खरं सांगतो. बरं वाटतं म्हणून येतं."

झरीनच्या आत काहीतरी हललं. तिला तो जिना दिसला, आणि तिला न आठवणारी ती स्वतः, कपड्यांच्या गाठोड्यासारखी, ह्या माणसाच्या हातांत. त्याचं खरं होतं. ते खरं आहे हे तिला त्याच्या आवाजावरून कळत होतं, आणि कुठल्याही दुसऱ्या दिवशी ते पुरलं असतं. पण त्या हललेल्याच्या खालून राग पुन्हा वर आला, आणि या वेळी तो स्वच्छ होता, त्यात तिच्या गालांची लाज नव्हती.

"मग हे तिथं का नाही सांगितलं?"

"कुणाला?"

"त्यांना. हसायच्या ऐवजी. हिला मी मरणातून उचलून आणलंय म्हणून. हे वजन माझ्याच हातानं दिलेल्या गोळ्यांनी आलंय म्हणून." तिचा श्वास पुरेना, तरी ती बोलली. "मलाही नाही सांगितलं. सहा वर्षं मी लोकांना थायरॉइड आहे म्हणून सांगत फिरते. अंग झाकून काउंटरला उभी राहते. आणि तुम्हाला माझ्याकडं बघून बरं वाटत होतं. एकट्याला. आतल्या आत."

खालून एक ट्रॉली आली, दोघांच्या मधल्या हवेत धूर सोडून वर गेली. तिच्या मागं उसाचं पाचट उडून रस्त्यावर सांडलं.

झरीननं सायकल सावरली आणि चालायला लागली. मागं इंजिनचा आवाज बंद झाला. तिला वाटलं, तो आता तिथंच बसून राहील, नाहीतर मागनं येऊन पुन्हा बस म्हणेल. पण थोड्या वेळानं कानांवर चाकांचा नुसता घरंगळता आवाज आला, आणि बुटांचा. तो गाडीवरून उतरला होता आणि बंद गाडी ढकलत चढावर येत होता. तिच्या बरोबरीला आला, पण तिच्याकडं बघितलं नाही. रात्रभर जागलेला माणूस. पहिल्याच वळणाला त्याचे खांदे पुढं पडले, शर्ट पाठीला चिकटला. एका ठिकाणी गाडी मागं सरकायला लागली तेव्हा त्यानं ती पोटानं अडवली, आणि त्याच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज निघाला, योगीराजनं काढला होता तसा मुद्दाम नाही. त्यानं एकदा मान वर करून घाट किती राहिलाय ते बघितलं. पुष्कळ राहिला होता.

गाडी चालू करा, एवढंच तिनं म्हणायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलंही होतं, सवयीनं, इतक्या वर्षांच्या संसारानं आणलेलं. झरीननं सायकल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली, त्याच्यासाठी चाल जराही कमी केली नाही, आणि ते म्हटलं नाही.